दोनशे बारा नंबरचा बिल्ला

लेबर कोर्टाने मला पुन्हा कामावर घ्यायचा हुकूम दिला, म्हणून ठरल्या दिवशी पहिल्या भोंग्यालाच मी गिरणीच्या गेटवर हजर झालो. टाइमकीपर वामनरावांच्या मागच्या फळीवर माझा पितळी बिल्ला लटकत होता. निकाल ऐकून त्यांनीच तो चिंचेने घासून लावला होता. बिल्ल्याशिवाय गिरणीत पाय ठेवता येत नाही. मी हात पुढे केला. वामनरावांनी बिल्ला खिळ्यावरून काढला, पण दिला नाही. "मालक हायकोर्टात गेले गा. कालच निकालावर स्टे आला." "मंग? केस तं मीच जितलो ना?" "जितला. पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत हा तुले देता येत नाही, अन् दुसऱ्याच्या नावावर चढवताही येत नाही." त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. तो दोन्ही हातांनी ओढावा लागला. आत बिल्लेच बिल्ले होते, हिरवे पडलेले. "हे कोणाचे?" मी विचारलं. "स्टेवाल्यांचे." वरचाच एक मी उचलला. दोनशे बारा. हा नंबर लावणारा माणूस आठ वर्षं माझ्या शेजारच्या मागावर होता. "नत्थूजीचा काहून ठेवला अजून? मागच्या पोळ्याले गेले ना ते. मीच तं खांदा देल्ला." वामनरावांनी माझ्या हातातून तो घेतला, परत डब्यात टाकला, त्यावर माझा ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. "ठेवा लागते गा," ते म्हणाले. "त्याईची तारीख पुढच्या महिन्यात हाय."