बरणीतला कोश

"पांढरं न्हाई, बाई. मला रंगीत गुंडाळा," रुमाना म्हणाली.

विजयमालाबाईंच्या हातात जुनं धुवट धोतर होतं. अंगणवाडीतली पोरं एकेक करून त्यात गुंडाळून घेत होती, सतरंजीवर कोश होऊन पडत होती आणि बाईंनी टाळी वाजवली की हात फडफडवत फुलपाखरू होत होती. अमृतनं तर दोनदा नंबर लावला.

पोरांच्या लहरीपुढं कुणाचं चालतं? बाईंनी खुंटीवरची फुलाफुलांची साडी काढली. रुमाना तिच्यात गुंडाळून पडली आणि टाळी वाजली तरी उठेना.

"झोपलीस का गं?"

"व्हय. अम्मीवानी."

बाईंनी मान फिरवली. मेढ्याजवळच्या त्या गावात हल्ली सगळ्याच मोठ्या माणसांना या पोरीसमोर मान फिरवायची सवय लागली होती.

रुमानाची अम्मी, फिरदोस, बाळंतपणात साताऱ्याच्या दवाखान्यातच वारली. मयतीच्या दिवशी पोरीला बाईंच्या ताब्यात दिलं होतं. बाईंनी अंगणवाडीची दारं लावली. कब्रस्तानाच्या वाटेकडच्या खिडकीचं दार नीट लागत नसे, तिथं सतरंजी टांगली आणि बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून पोरांना मोठमोठ्यानं मुंगीचं गाणं म्हणायला लावलं. संध्याकाळी दादीनं नातीला सांगितलं, अम्मी दवाखान्यात झोपली हाय, बरी झाली की येईल.

"लय ल्हान हाय ती, बाई," जरिनादादी म्हणाली होती. "एवढा उन्हाळा जाऊ द्या. मंग मीच सांगते. तवर तुमाला माझी शपथ हाय."

बाईंना हे खोटं सोसत नव्हतं. त्यांचा नवरा नानासो अपघातात गेला तेव्हा साऱ्या गावाला कळलं होतं, फक्त त्यांनाच नाही. त्या त्याच्यासाठी भाकरी थापत बसल्या होत्या. आता मुलगा लांब नोकरीला होता, फोन सणासुदीला यायचा. एकट्यापुरती चूल पेटवायचा त्यांना कंटाळा येई. कित्येकदा सकाळच्याच भाकरीवर रात्र निघायची. जीव रमायचा तो या पोरांत, आणि त्यातही रुमानात जरा जास्तच.

फळीवर काचेच्या बरणीत लिंबोणीची डहाळी होती. तिच्यावरच्या हिरव्या सुरवंटाला पोरांनी रोज पाला घातला होता, नाक मुरडत त्याची शी काढली होती, भिंगातून त्याचे पाय पाहिले होते. मग तो खायचा थांबला आणि कोश झाला. त्या दिवसापासून रुमाना बरणीसमोरून हलेना.

"बाई, ह्यो उठणार?"

"उठणार की."

"नक्की?"

"अगदी नक्की," बाई बोलून गेल्या. आता हा कोश उठला नाही तर पोर अम्मीचीही वाट बघायची सोडून देईल, असं त्यांना वाटत राहिलं.

नेमका तोच उठायचा नव्हता. शनिवारी पोरं घरी गेल्यावर बाईंनी बरणी उजेडात धरली. कोश काळा पडला होता आणि त्याच्या पाठीला बारीक भोक होतं. आतला जीव कुठल्याशा किड्यानं केव्हाच पोखरून खाल्ला होता.

रविवारी बाई शेजारच्या लालासाहेबांच्या परसात लिंबोणीच्या काट्यांत हात घालत हिंडल्या.

"आवं बाई, लिंबं पायजेत तर मागा की!" लालासाहेब ओट्यावरून ओरडले. "हात कशाला फाडून घेताय?"

"लिंबं नकोत," बाई म्हणाल्या. पुढं काय सांगणार, कप्पाळ!

उन्हं कलता कलता त्यांना तसाच कोश मिळाला. त्यांनी तो डहाळीसकट बरणीत ठेवला आणि मेलेला कोश अंगणवाडीमागच्या केरात टाकला. घरी येऊन हाताला हळद लावली. ओरखडे दाखवायला घरात कुणी नव्हतं.

सोमवारी पोरांना काही कळलं नाही. मंगळवारी रुमाना उशिरा आली. नखांत लाल माती होती आणि हाताला सब्ज्याचा वास येत होता. जरिनादादीनं सरबतासाठी दारात लावला असेल, असं बाईंना वाटलं.

"कुठं हुंदडत होतीस?"

"शेळीच्या मागं."

बाईंनी तिचे हात धुतले. ती शेळी होतीच द्वाड, कुठल्याही कुंपणात शिरायची.

गुरुवारी सकाळी कोश उकलला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, डहाळीला लटकून राहिलं आणि हळूहळू त्याचे काळे-पिवळे पंख उलगडले. पोरांनी गिल्ला केला. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या रुमानानं वाजवल्या. ती फुलपाखराकडं कमी आणि बाईंकडंच जास्त बघत होती.

पोरांना न्यायची वेळ झाली तेव्हा बाईंनी बरणी दारात नेऊन तिच्या तोंडाला बांधलेलं कापड सोडलं. फुलपाखरू कौलांवरून गेलं. जरिनादादी तिथंच उभी होती.

"दादी, उठलं बघ! झोपल्यालं उठलं!" रुमानानं तिचा हात हलवला. दादीनं ओढणीनं डोळे पुसले आणि कित्येक दिवसांनी जरा हसली.

बाईंनाही भरून आलं. खोटं ते खोटंच, पण या घटकेला त्यांना त्याची लाज वाटली नाही.

सगळे गेले. बाई सतरंजी गोळा करत होत्या, तेवढ्यात रुमाना एकटीच पळत परत आली.

"काय राहिलं गं?"

तिनं दाराबाहेर डोकावून बघितलं. मग बाईंजवळ येऊन त्यांच्या ओरखडलेल्या हातावर आपला हात ठेवला.

"बाई, दादीला सांगू नगा, ती लय रडती. आपला कोश मेला व्हता. क्येरात घावला मला. मी त्येला अम्मीच्या कबरीवर पुरलंय, सब्ज्याखाली."