विसाव्याला दुर्बीण पेटीत

“जरा बर्डीच्या बाजारात जाऊन येतो,” मनकर्णा म्हणाली. बोलताना ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, फळीखाली वहाणा शोधत होती.

“कायले?”

“बांगड्या भरतो. हातात दोनच राहिल्या.”

महादेवराव गाडीतल्या खालच्या फळीवर पाय उशीवर ठेवून पडले होते. दोन दिवसांपूर्वी नवेगावच्या तळ्याकाठी बदकं पाहता पाहता चिखलात पाय मुरगळला होता आणि घोटा टम्म सुजला होता. इथवर गाडी कशी हाकत आणली ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गाडी म्हणजे लढाईतली जुनी अँब्युलन्स. लष्करात मोटारी दुरुस्त करून आलेल्या महादेवरावांनी ती लिलावात घेतली, स्ट्रेचरच्या जागी झोपायला फळ्या ठोकल्या, कोपऱ्यात स्टोव्ह बसवला. दर हिवाळ्यात अमरावतीचं गॅरेज बंद करायचं आणि नवराबायकोनं दहा दिवस पाखरं पाहत फिरायचं. लोक हसत. हसोत बापडे. कोष्ट्याच्या पोरानं माग सोडून मोटार धरली तेव्हाही हसलेच होते. रानात शिरलं की महादेवराव दर वेळी तेच बजावत, “हालू नको. पहिले कान, मंग डोळे.” मनकर्णाला आता ते झोपेतही पाठ होतं.

परतीच्या वाटेवर एक दिवस नागपुरात विसावा, अंबाझरीजवळच्या चिंचेखाली. त्या दिवसाचा नियम कडक होता. पाखरं मोजायची नाहीत आणि दुर्बीण पेटीतून बाहेर काढायची नाही. महादेवराव गाडीचे सुटे भाग आणायला सकाळी जात ते दुपार टळल्यावर येत. मनकर्णानं गाडी राखायची. सहा वर्षं ती अशी राखत बसली होती, आणि इथून अर्ध्या तासावर, धंतोलीत, तिची पोटची पोर राहत होती.

प्रेमिलानं परजातीच्या मुकुंदाशी लग्न लावलं तेव्हा महादेवराव एवढंच बोलले होते. “मले पोरगी नाई. तुले असंन तं तिकडंच राहायचं. या घरात, या गाडीत मंग पाय ठेवायचा नाई.” त्यानंतर त्यांनी पोरीचं नाव काढलं नाही. मनकर्णानंही काढलं नाही. भीतीच वाटायची. तीस वर्षांचा संसार एका भेटीपायी उधळायचा कसा?

माणूसच तसा. गेल्या साली विसाव्याच्याच दिवशी त्यांची लष्करातली दुर्बीण गेली. तळ्यावर तोंड धुताना पाण्यात पडली म्हणाले. तिचा पट्टा मनकर्णानं स्वतःच्या हातानं विणला होता, मागावर शेवटचं बसली होती तेव्हा. लाल करवती काठ, करवतीसारखे दात असलेला, आणि घाईत त्यातला एक दात उलटा पडलेला. तो पट्टा बुडाला म्हणून ती रडकुंडीला आली. आणि यांनी काय केलं? “गेली ते गेली,” म्हणत तीन भाकरी हाणल्या, अन् महिन्याभरात नवी दुर्बीण घेतली. पोटच्या पोरीवर पाणी सोडणाऱ्याला दुर्बिणीचं काय एवढं, असं ती मनात म्हणाली होती.

पण औंदा देवानंच त्यांचा पाय धरून ठेवला होता. मनकर्णाचं ठरलं होतं. त्यांना कळलं आणि गाडीत घेतलं नाही, तर रेल्वेनं जाईन. घरात घेतलं नाही, तर उमरेडला भावाच्या दारात जाऊन बसेन. पाच वर्षांची नात आहे म्हणतात. तिचं तोंड आज पाहायचंच.

“संत्र्याच्या गोळ्या आणजो,” महादेवराव म्हणाले. “दोन पुड्या.”

“दोन काहून?”

“आण म्हणतो ना.”

ती दारातून उतरली तसा मागून आवाज आला. “आन् हे पाह्य वं, घाई नको करू. सावकाश येजो.”

मनकर्णानं चमकून मागं पाहिलं. एरवी चहाला घडीभर उशीर झाला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. पण महादेवरावांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. पाय ठणकत असेल, तिला वाटलं.

बर्डीवर तिनं गोळ्यांच्या दोन पुड्या घेतल्या. एक नातीला होईल, बरंच झालं. बांगड्यांच्या दुकानाकडे ती फिरकलीही नाही. रिक्षावाल्याला म्हणाली, “धंतोली. पिठाच्या गिरणीमागं.” भाचीनं सांगितलेला पत्ता तिनं सहा महिने जपासारखा घोकला होता.

गिरणी दिसली तशी तिनं रिक्षा थांबवली. आई काहून आली नाही सहा वर्षं, असं पोरीनं विचारलं तर काय सांगायचं? नवऱ्याला भ्यालो म्हणून? एकदा वाटलं, रिक्षा मागं फिरवावी. मग स्वतःवरच चिडली, उतरली आणि तरातरा चालत निघाली.

भाचीनं सांगितलेलं निळं दार उघडं होतं. अंगणात कडुलिंब होता. पायरीवर एक पोर बसली होती, दोन वेण्या, अनवाणी. दोन्ही हातांनी डोळ्यांना भली मोठी दुर्बीण लावून ती झाडात पाहत होती. अर्धा चेहरा त्या दुर्बिणीतच गेला होता.

मनकर्णा पायरीशी आली. “आई घरी हाय काय वं तुही?”

पोरीनं मान वळवली नाही. नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

“हालू नको,” ती कुजबुजली. “पहिले कान, मंग डोळे.”

फांदीवरचा दयाळ भुर्रकन उडून गेला. पोरीनं उसासा टाकून दुर्बीण सोडली, ती तिच्या पोटापर्यंत लोंबली. पट्टा दोन गाठी मारून आखूड केला होता. लाल करवती काठाचा पट्टा, आणि वरच्या गाठीशेजारी त्यातला एक दात उलटा पडलेला.