पिशव्यांची पिशवी

तीन महिने सासूबाई पावाच्या, मटारच्या रिकाम्या पिशव्या धुऊन हीटरवर वाळवायच्या आणि घड्या घालून पिशव्यांच्या पिशवीत कोंबायच्या.

"अहो आई, जर्मनीत हे सगळं रिसायकलिंगला जातं!" मैत्रेयी वैतागून म्हणायची.

"जाऊ दे की. आधी चारदा वापरून तर होऊ दे."

आज त्यांची पुण्याची फ्लाइट होती. त्या आंघोळीला गेल्या आणि मैत्रेयीने ती फुगलेली पिशवी अख्खीच्या अख्खी खालच्या, प्लास्टिक कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात नेऊन आदळली. पाठोपाठ कचऱ्याची गाडी आली आणि डबा रिकामा करून गेली. सुटले एकदाची, असं ती मनाशी म्हणाली. निघताना तिने सासूबाईंना विचारलं, "आई, पासपोर्ट घेतलात ना?"



"थांब, काढते. पिशव्यांच्या पिशवीत ठेवलाय. चोरसुद्धा तिला हात लावायचा नाही!"