लाल दोऱ्याची गोणी

गोणी ओढ्यातून वर आली आणि टेलरच्या बायकोने ती लगेच ओळखली. गोणीच्या तोंडाला लाल दुहेरी दोऱ्याची शिवण होती, दर चार टाक्यांनंतर गाठ. अशी गाठ मारायची खोड सगळ्या गावात एकटीलाच होती, तिला.

ओढा-सफाईच्या गटात आज तिचा पहिलाच दिवस. ओढा साफ करायला जाते म्हणाली तेव्हा नवऱ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची एवढी हौस, मग दुकानाची काजं-बटणं कोण करणार? सासूने तर तोंडच फिरवलं. आणि हाच शहाणा दर शनिवारी चिंध्यांची गोणी स्कूटरवर घालून निघायचा, कचरा डेपोवर टाकून आलो म्हणून सांगायचा. डेपो कुठे, ओढा कुठे!

मोठ्या बाईंनी गोणी फाडली. बाई गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आता ओढ्याच्या. हातात छडी नव्हती एवढंच. आतला कुजका लगदा पाहिला आणि सरळ काठावरच्या झोपडीकडे बोट केलं. हे यांचंच काम, यांना हाकलल्याशिवाय ओढा स्वच्छ व्हायचा नाही, उद्याच नगरपालिकेत अर्ज देते, सह्या करा सगळ्यांनी. कागद निघालासुद्धा. झोपडीतली बाई मूल कडेवर घेऊन दारात उभी होती.

कागद फिरत फिरत टेलरच्या बायकोपाशी आला. एक मेली सही करायची आणि सुटायचं. कुणाच्या बापाला कळणार होतं?

"ही शिवण माझी आहे," ती म्हणाली. "गोणी आमच्या दुकानातली."

सगळे दोन पावलं मागे सरकले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं मोठ्या बाई सर्वांना ऐकू जाईल इतपत पुटपुटल्या. कागद मात्र त्यांनी फाडला नाही, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तेव्हा झोपडीतली बाई खाली उतरली.

"पुलाखाली अजून सहा आहेत. दर शनिवारी टाकून जातो. मी सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं असतं?"

सहाही निघाल्या. दोघींनीच काढल्या, बाकीच्यांना अचानक घरची कामं आठवली होती.

तेवढ्यात नवरा स्कूटर घेऊन आला. दुकान उघडायची वेळ झाली होती. त्याने ओळीने मांडलेल्या गोण्या पाहिल्या, लाल दोरा पाहिला आणि घसा खाकरला.

"झाली ना हौस? चल, बस मागे."

तिने हातमोजे काढले नाहीत. पहिली गोणी उचलली आणि पाणी गळत असतानाच मागच्या सीटवर ठेवली.

"अहो, आधी ह्यांना डेपोवर पोचवा," ती म्हणाली. "सात खेपा होतील. आठव्या खेपेला मी बसते."