निळा रंग

थिनरच्या वासावरून माझ्या बायकोनं, कनकानं, घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मी सामानाची खोली रिकामी करून तिथं रंग फवारायला प्लायवूडची पेटी बांधली. मागं एक्झॉस्ट पंखा, त्याच्या अलीकडे उभा पुठ्ठा. वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात माणसानं छंद जपायचा तरी कुठं?

पहिल्या रविवारी लाकडी विमान काडीवर टोचून रंगवलं. पुठ्ठ्यावर विमानाचा कोरा आकार राहिला. तो राहतोच; मधे जे येतं, त्याच्यामागं रंग पोचत नाही. पण शेजारी चार बोटंही कोरी राहिली होती. माझे हात तर पेटीच्या बाहेर होते.

दुसऱ्या रविवारी अख्खा पंजा कोरा राहिला. मी मुकाट्यानं पुठ्ठा बदलला. पेटी मोडायला कनकाला निमित्तच हवं होतं.

आज जहाज रंगवलं. पुठ्ठ्यावर फक्त जहाजाचाच आकार होता. मला हायसं वाटलं.

आणखी एक थर द्यायला फवारा सुरू केला, तेवढ्यात पंखा अडकला. निळा फवारा उलटा फिरून खोलीभर पसरला. गुदमरून मी दाराकडे वळलो. दारावर सगळीकडे बारीक निळे कण बसले होते. फक्त दाराच्या मुठीभोवती पाच बोटांएवढी जागा कोरी होती.

कॉफी घेऊन आलेल्या कनकानं बाहेरून दार ढकललं. ते हललं नाही.

"अय्यो, कापी गार होतेय! दार आतून कशाला धरून ठेवलंय? सोडा की!"

माझ्या एका हातात स्प्रे गन होती आणि दुसऱ्यात जहाज.