जुबेर सरांचं क्रियापद

“एखादं साधं क्रियापद घ्या आणि दोन मिनिटांत शिकवून दाखवा,” प्राचार्य घड्याळाकडे बघत म्हणाले.

जुबेर सरांचं डोकं सणकलं. मुखेडच्या याच कॉलेजात ते तासिकेवर इंग्रजी शिकवत होते, आणि तरी दर जुलैत त्यांना नवख्यासारखं मुलाखतीला बसवलं जायचं. कायम जागा निघेल, थोडं थांबा, हे ऐकता ऐकता त्यांचे केस पिकले होते. यंदा एकच गोष्ट बरी होती. विद्यापीठाकडून तज्ज्ञ म्हणून आलेली बुद्धप्रिया त्यांचीच विद्यार्थिनी. सर आत येताच ती उठून उभी राहिली, तेव्हा बाकीच्यांनाही अवघडून अर्धवट उठावं लागलं. चला, आपलं माणूस आहे, असं सरांना वाटलं.

त्यांनी फळ्यावर ‘वेट’ लिहिलं.

“वाट पाहणं हा नंतरचा अर्थ. फ्रेंचांकडून हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ होता जागं राहून पहारा देणं, दबा धरून बसणं. पुढं मालकाच्या दिमतीला उभं राहणं आलं. अन् आता नुसतं ताटकळणं!” सरांचा आवाज चढला. “पहारेकरी होता बिचारा. बघा काय गत झाली त्याची.”

कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी विषय बदलला. “लातूरचे क्लासवाले तुम्हाला पक्की नोकरी देऊन राहिले म्हणे?”

“हाव. उद्यापर्यंत सांगा म्हणलेत. न्हाई म्हणूनच सांगणार. आपल्याला कॉलेजच बरं.”

बुद्धप्रियाने मान वर करून सरांकडे पाहिलं.

दुपारी प्राचार्यांनी बाहेर येऊन दुसऱ्याच उमेदवाराचं नाव सांगितलं. “आमचा नाइलाज झाला. तज्ज्ञ मॅडमनी लई आग्रह धरला,” म्हणत त्यांनी हात झटकले.

सर तडक आवारात गेले. बुद्धप्रिया आपल्या गाडीचं दार उघडत होती. बारावीला हिला रविवारीसुद्धा घरी बोलावून शिकवलं होतं, आणि हिनेच पाठीत सुरा खुपसावा! सरांना संताप आला, त्याहून जास्त रडू आलं.

“होत्या त्या तासिकाबी घालवल्यास! याच्यासाठी शिकवलं का गं तुला?”

तिचेही डोळे भरले होते. तिने पलीकडच्या सीटवरची पर्स उचलून मागे टाकली.

“तुमचं नाव घेतलं असतं, तर पुढच्या जुलैतबी तुम्ही हितंच आले असते, सर. बसा गाडीत. मी लातूरलाच चालले.”