जोडलेली टेबलं

सदर बाजारातल्या हॉटेलचा डान्स हॉल श्रीधरभाऊ सांभाळत. रुपरावाच्या ऑर्केस्ट्रातून मनोहर भांडून बाहेर पडला आणि त्यानं आपली वेगळी पार्टी काढली, तेव्हापासून भाऊंनी एक शनिवार याला दिला, एक त्याला. जेवायला मात्र दोन्ही पार्ट्या रोज यायच्या आणि दोन टोकांच्या टेबलांवर एकमेकांकडे पाठ करून बसायच्या.

दोन्हीकडून हाका यायच्या, "इकडे बसा ना भाऊ, तुमच्यासाठी खुर्ची ठेवली!"

"मले तुम्ही दोघंही सारखेच गा," म्हणत भाऊ हसायचे आणि भटारखान्यात उभ्या उभ्याच जेवून घ्यायचे. कोणी बोट दाखवू नये म्हणून ते रुपरावाच्या पोरीच्या लग्नाला गेले नाहीत, मनोहरच्या मुलाच्या बारशालाही नाही.

एका रविवारी दुपारी मात्र दोघं गळ्यात हात घालूनच हॉलमध्ये शिरले. भांडण मिटलं होतं, ऑर्केस्ट्रा पुन्हा एक झाला होता. भाऊंनी स्वतः दोन्ही टेबलं जोडली, वर एकच चादर अंथरली, खुर्च्या मांडल्या. मग कडेला आणखी एक मांडली. आता कोणाला वाईट वाटायचं कारणच उरलं नव्हतं. आत जाऊन त्यांनी हात धुतले, भांग पाडला आणि दाराआड थांबले.

हाक आलीच. "श्रीधरभाऊ!"

ते लगबगीनं बाहेर आले.

"एवढी कडेची खुर्ची उचलून न्या ना भाऊ," रुपराव म्हणाला, "उगाच पायात येऊन राहिली."